ग्राउंड रिले परत परत पडतोय? रिले बदलू नका, वही काढा

"मामा, परत पडलाय बघा."

जूनपासून सकाळी आठच्या आत भाच्याचा फोन आला, की काय पडलंय हे विचारायचं मी सोडून दिलं होतं. तो बाहेरच्या जिल्ह्यात एका कारखान्याच्या रेल्वे सायडिंगवर मेंटेनन्सला आहे. वाघिणी आत-बाहेर करायला तिथं एक जुनं डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन आहे. सहा चाकजोड्या आणि प्रत्येक जोडीला ती फिरवणारी एक ट्रॅक्शन मोटार. पहिल्या पावसापासून त्याचा ग्राउंड रिले, म्हणजे वीज बॉडीत उतरली की पॉवर तोडणारा पहारेकरी, पडायला (ट्रिप व्हायला) लागला. घंटा वाजायची, दिवा लागायचा, इंजिन आपोआप आयडलला यायचं आणि वाघिणींची रांग जिथल्या तिथं उभी. रिसेट मारला की चालू. दुपारपर्यंत सगळं छान. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

मी इथं कोल्हापूरला उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करतो. त्याआधी बरीच वर्षं लोकोच्या इलेक्ट्रिकल सेक्शनमध्ये काढली. भाचा सुट्टीला घरी आला तोवर त्यांनी दोन रिले बदलले होते. दुसरा तर कोरा करकरीत, डबीतून काढलेला. तोही पडत होता. "रिलेचा लॉटच खराब आलाय" असं त्यांच्या स्टोअरवाल्याचं मत. माझं मत वेगळं होतं. एकाच जागी तीन रिले तेच सांगत असतील, तर ते खरं सांगतायत.

हीच तक्रार असलेले आणखीही लोक असणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी वीज कुठून कुठं जाते ते

डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनात डिझेल इंजिन चाकं फिरवतच नाही. ते फक्त जनरेटर फिरवतं. जुन्या इंजिनात डीसी जनरेटर असायचा. नंतर अल्टरनेटर आणि त्याच्या पुढं एसीची डीसी करणारा सिलिकॉन डायोडचा रेक्टिफायर आला. तिथून जाड केबलींतून वीज बोगीतल्या (बोगी म्हणजे इथं डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट) मोटारींना जाते आणि मोटारीचा पिनियन चाकजोडीवरचा मोठा गिअर फिरवतो. क्लच नाही, गिअरबॉक्स बदलणं नाही. कारण सरळ आहे. डिझेल इंजिन शून्य वेगाला ओढ देऊ शकत नाही. डीसी सिरीज मोटार मात्र जागेवर उभी असतानाच सगळ्यात जास्त ओढते.

ज्या डब्ल्यूडीएम-२ या रेल्वेच्या डिझेल इंजिनावर आमची पिढी हे शिकली, ते २६०० अश्वशक्तीचं, सोळा सिलिंडरचं. वाराणसीच्या कारखान्यातून ही इंजिनं १९६४ पासून बाहेर पडायला लागली. आयडलला ४०० आरपीएम, आठव्या नॉचला (नॉच म्हणजे ड्रायव्हरच्या थ्रॉटलची पायरी) १०००. संस्थानानं बांधलेला कोल्हापूर-मिरज मार्ग १८९१ साली सुरू झाला तेव्हा मीटरगेज होता, १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, आणि आता तर त्यावर विजेच्या ताराही आल्यात. पण गूळ मार्केट स्टेशनकडून गाडी निघाली की ड्रायव्हर कितव्या नॉचवर आहे हे आम्ही पोरं नुसत्या आवाजावरून सांगायचो. आज तो आवाज क्वचित येतो.

आता यातली खरी गोम. नॉच ओढला म्हणजे फक्त डिझेल वाढलं असं नाही. इंजिन जेवढं देऊ शकतं तेवढंच जनरेटरनं मागायला पाहिजे, नाहीतर इंजिन दबून बंद पडेल. गुऱ्हाळावर चरकाला ऊस लावणारा गडी आठवा. त्याचं लक्ष उसापेक्षा इंजिनाच्या आवाजाकडं जास्त असतं. आवाज दबला की हात आखडता, मोकळा झाला की आणखी दोन ऊस. लोकोमध्ये हे काम गव्हर्नर आणि त्याला जोडलेला लोड कंट्रोल रिओस्टॅट करतात. इंजिनावर ताण आला की जनरेटरचं एक्सायटेशन, म्हणजे त्याच्या चुंबकाला दिलेला करंट, कमी, ताण हलका झाला की जास्त.

म्हणजे एका नॉचला पॉवर साधारण ठरलेली असते. व्होल्टेज आणि करंट मात्र वेगाप्रमाणे बदलतात. उदाहरणापुरतं धरा, मोटारींकडे १५०० किलोवॅट जातायत. गाडी जड आणि वेग कमी असताना ते ५०० व्होल्ट आणि ३००० अँपिअर असतील. सहा मोटारी पॅरलल असतील तर प्रत्येकीला ५०० अँपिअर. वेग वाढला की मोटारीतला विरोधी व्होल्टेज वाढतो आणि करंट उतरतो. तेच १५०० किलोवॅट मग १००० व्होल्ट आणि १५०० अँपिअर होतात, मोटारीला २५०. हा हिशेब लक्षात ठेवा. पुढं फॉल्ट शोधताना सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

रिले नेमकं काय बघतो

लोकोची पॉवर सर्किट इंजिनाच्या सांगाड्यापासून पूर्ण अलग ठेवलेली असते. पॉझिटिव्हही बॉडीला लागलेला नाही, निगेटिव्हही नाही. ग्राउंड रिलेची कॉइल ही त्या सर्किटच्या एका बिंदूपासून बॉडीपर्यंत टाकलेली एकमेव मुद्दाम वाट. कुठंतरी इन्सुलेशन गेलं आणि वीज बॉडीत उतरली, की ती परत यायला हीच वाट शोधते, कॉइलमधून जाते, रिले ओढला जातो आणि एक्सायटेशन तोडतो.

अशी वीज एकाच जागी बॉडीत उतरली (याला आम्ही 'अर्थ' म्हणतो, इंग्रजी अर्थ फॉल्टवरून) तर तसं काही जळत नाही, हे खरं आहे. म्हणूनच लोकांना रिले उगाच कटकट करतोय असं वाटतं. पण दुसरी अर्थ झाली की दोन ठिकाणांमधून बॉडीमार्फत सरळ शॉर्ट. हजारो अँपिअर. मग कॉम्युटेटर (मोटारीच्या फिरत्या भागावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन ब्रश टेकतात) जळतो, केबलींना आग लागते. रिले पहिल्या अर्थलाच ओरडतो, दुसरीची वाट बघत नाही.

त्यामुळं ग्राउंड रिलेचा कटआउट स्विच मारून दिवसभर गाडी चालवणं हा प्रकार मला अजिबात पटत नाही. भाच्याच्या सायडिंगवर दोन शिफ्ट तसंच चाललं होतं, हे त्यानं मला तिसऱ्या फोनला सांगितलं. त्या दिवशी मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

स्पॅनर हातात घ्यायच्या आधी

मी त्याला एक शंभर पानी वही घ्यायला लावली. रिले पडला की लगेच लिहायचं: वेळ, पाऊस की कोरडं, नॉच कितवा, अँपिअर किती, वेग अंदाजे किती, गाडी भरलेली की रिकामी, तोंड कुठल्या दिशेला, यार्डात नेमक्या कुठल्या जागी. ड्रायव्हर कंटाळतात. मग चहा पाजायचा, पण लिहून घ्यायचं.

आठ दिवसांच्या नोंदीत चित्र स्पष्ट झालं. सगळे ट्रिप सकाळी साडेसहा ते नऊ. सगळे रिकाम्या वाघिणी घेऊन वेग धरल्यावर, पाचव्या नॉचच्या पुढं. भरलेली गाडी जागेवरून उचलताना एकदाही नाही.

वरचा हिशेब आता लावा. जागेवरून उचलताना करंट जास्त, व्होल्टेज कमी. वेग धरल्यावर उलटं. व्होल्टेज चढल्यावरच फॉल्ट बोलतोय, म्हणजे कुठंतरी इन्सुलेशन अशक्त आहे, पूर्ण तुटलेलं नाही. आणि सकाळीच बोलतोय, म्हणजे ओलावा.

पहिला गुन्हेगार: ओल आणि कार्बन

इंजिन रात्री उघड्यावर उभं असायचं. ब्लोअरच्या हवेच्या वाटेतले दोन फिल्टर फाटलेले, एक तर गायबच. ट्रॅक्शन मोटारींना थंड करणारी हवा या ब्लोअरमधूनच जाते, म्हणजे पावसाचे तुषार थेट मोटारीत. मोटारीत आधीच कार्बन ब्रशची भुकटी साचलेली. कोरडी भुकटी एकवेळ गप्प बसते, पण ओली झाली की तिची वाहक वाट तयार होते. कॉम्युटेटरच्या टोकाला जो इन्सुलेशनचा पट्टा असतो, ज्याला आम्ही स्ट्रिंग बँड म्हणतो, त्यावर आणि ब्रश होल्डरच्या इन्सुलेटरवर ही वाट हमखास सापडते. शिरोलीच्या फाउंड्रीतून माझ्याकडं येणाऱ्या मोटारींचीही हीच रड असते, फक्त तिथं कार्बनच्या जोडीला लोखंडाचा कीस.

मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं यंत्र, लावताना चार गोष्टी सांभाळा. डिझेल इंजिन बंद, बॅटरीचा नाइफ स्विच उघडा, चाकांना गुटके, आणि कंट्रोल स्टँडवर पाटी. रेक्टिफायरचे डायोड शॉर्ट करून घ्या आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड सर्किटमधून काढा, नाहीतर मेगरच त्यांचा जीव घेईल. ग्राउंड रिलेचा कटआउट स्विच उघडा; नाही उघडला तर कॉइलमधूनच बॉडीला वाट मिळते आणि रीडिंग शून्य येऊन तुम्ही नको तिथं शोधत बसता. त्या स्विचचा प्रामाणिक उपयोग हाच. आणि मेगरिंग झाल्यावर सर्किट डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही.

पॉवर सर्किटला १००० व्होल्टचा मेगर वापरला. सकाळी सहाला, इंजिन थंड असताना, सहाही मोटारी एक ते तीन मेगओहमच्या दरम्यान. दुपारी दोनला त्याच मोटारी तीसच्या वर. त्यांच्या शेडमध्ये आजवर मेगरिंग व्हायचं ते दुपारी जेवणानंतर, म्हणून कागदावर कायम 'ओके'.

एका रीडिंगवर मात्र विसंबू नका. पावसाळ्यात आपण कोल्हापूरकर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी कशी बघतो? ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, पण आकड्याइतकंच लक्ष पाणी चढतंय की उतरतंय याकडं असतं. मेगरचंही तसंच. आणखी एक युक्ती म्हणजे एकाच मोटारीचं रीडिंग एका मिनिटाला घ्या आणि मेगर चालू ठेवून दहा मिनिटांनी परत घ्या. इन्सुलेशन कोरडं आणि स्वच्छ असेल तर आकडा चढत जातो, निदान दुपटीच्या आसपास. आहे तिथंच रेंगाळला तर ओल किंवा घाण आहे. तापमानही लिहून ठेवा, कारण दर दहा अंशांनी मोटार तापली की इन्सुलेशन रेझिस्टन्स साधारण निम्मा होतो. गरम आणि थंड आकड्यांची तुलना म्हणजे नुसता गोंधळ.

उपाय काही जगावेगळा नव्हता. फिल्टर बदलले. तपासणीची झाकणं उघडून कार्बन आधी व्हॅक्यूमनं ओढला, मग कोरड्या कापडानं पुसला. कॉम्प्रेसरचा फवारा थेट मारू नका, भुकटी वाइंडिंगमध्ये आत जाऊन बसते. स्ट्रिंग बँड साफ करून त्यांना लाल इन्सुलेटिंग व्हार्निशचा हात दिला. पाचव्या मोटारीत सस्पेन्शन बेअरिंगचं तेल उतरलेलं होतं, तिचा वेगळा बंदोबस्त केला. इंजिन रात्री पत्र्याखाली उभं करायला सुरुवात केली, आणि सकाळी लोड घ्यायच्या आधी अर्धा तास आयडलवर. त्यांच्या इंजिनात ब्लोअर डिझेल इंजिनावरच चालतात, त्यामुळं तेवढ्या वेळात मोटारींतून हवा खेळते आणि रात्रीचा दमटपणा निघून जातो.

सप्टेंबरपर्यंत फोन बंद झाले. मीही विसरलो.

दुसरा गुन्हेगार, जो कोरड्या हवेत आला

नोव्हेंबरात फोन. सकाळी नाही, अकराला.

"मामा, परत पडला. आणि आता तर ऊन आहे."

"वहीत काय लिहिलंय?"

वहीत जे होतं ते पहिल्यापेक्षा अगदी उलटं. भरलेली गाडी. वेग कमी, अँपिअरचा काटा वर. आणि तीनही वेळा एकच जागा: वजनकाट्याच्या अलीकडचं वळण. यार्डाकडं जाताना पडतो, परत येताना नाही.

करंट जास्त, व्होल्टेज कमी, तरी पडतोय. म्हणजे हा ओलाव्याचा मामला नाही. काहीतरी हलतंय आणि हललं की टेकतंय. ट्रॅक्शन मोटारीचं वजन अर्धं अ‍ॅक्सलवर आणि अर्धं बोगीच्या चौकटीवर, नोज सस्पेन्शनवर असतं. जोर लावला की मोटार अंग मुरडते, दिशा बदलली की उलट्या बाजूला. त्यात वळणावर अख्खी बोगी लोकोच्या बॉडीखाली फिरते. बॉडीतून मोटारीकडं उतरणाऱ्या केबली हे सगळं सोसत असतात.

मी त्याला सांगितलं, त्याच वळणावर, तसाच लोड घेऊन, एकेक मोटार कटआउट कर, म्हणजे सर्किटमधून बाहेर काढ, आणि बघ. बाकीच्या मोटारींवर जास्त भार येतो म्हणून दोन वाघिणी कमी लाव. चौथी मोटार बाहेर काढल्यावर दहा फेऱ्यांत एकदाही रिले पडला नाही. परत आत घेतली, दुसऱ्याच फेरीला पडला. चोर सापडला असं वाटलं. पण चौथ्या मोटारीला मेगर लावला तर साठ मेगओहम.

"मामा, मोटार तर ठणठणीत आहे."

"मेगर कुठं उभं करून लावलास?"

"शेडमध्ये."

"शेडमधला रूळ सरळ आहे ना रे?"

फोनवर दोन क्षण शांतता. मग त्यानं इंजिन त्या वळणावर नेऊन उभं केलं, इंजिन बंद करून, गुटके लावून, सगळं नीट. तिथं मेगर लावला. काटा शून्यावर.

खाली शिरून बघितलं तर मोटारीच्या एका लीडची केबल तिला धरून ठेवणाऱ्या लाकडी क्लीटमधून सुटून बोगीच्या चौकटीच्या कडेला घासत होती. बाहेरचं आवरण गेलेलं, आतलं रबर गेलेलं, आणि बोटाच्या पेराएवढं तांबं चकाकत होतं. सरळ रुळावर ते चौकटीपासून अर्धा इंच लांब. वळणावर बरोबर टेकायचं.

टेप गुंडाळून काम भागवायचा मोह तिथल्या फिटरला झाला होता. ट्रॅक्शन केबलवर टेप टिकत नाही. तेल, उष्णता आणि घासणं यात महिनाभरात सुटते. पूर्ण लांबीची नवी केबल टाकली, टोकाचे लग नीट दाबून (क्रिंप) बसवले, क्लीट नवी बसवली आणि तिच्यात रबरी पट्टी घातली. केबलला ढील किती ठेवायची ते बोगी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ठरवलं. कमी ठेवली तर ताणून तुटते, जास्त ठेवली तर पुन्हा घासते. बाकीच्या पाच मोटारींच्या केबलीही त्याच दिवशी बघून घेतल्या. दुसऱ्या मोटारीची क्लीटही ढिली निघाली.

तुमची लक्षणं वेगळी असतील तर

रिले फक्त डायनॅमिक ब्रेक लावल्यावर पडत असेल तर मोटारींच्या मागं लागण्याआधी ग्रिड बघा. ब्रेकिंगमध्ये मोटारी जनरेटर होतात आणि ती वीज ग्रिड रेझिस्टरमध्ये जाळली जाते. त्यांच्या इन्सुलेटरवर धूळ आणि पाणी बसलं की अर्थ तिथंच.

रिले अल्टरनेटरच्या न्यूट्रलवर बसवलेला असेल तर शॉर्ट झालेला डायोडही त्याला पाडू शकतो. मोटारी मेगरला चांगल्या आणि कुठलीही कटआउट केली तरी फरक पडत नाही, असं असेल तर रेक्टिफायरकडं वळा.

कंट्रोल सर्किटची अर्थ हे वेगळं प्रकरण. डब्ल्यूडीएम-२ सारख्या जुन्या अल्को (अमेरिकन कंपनीच्या) बनावटीच्या लोकोंत आठ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, म्हणजे ६४ व्होल्ट, आणि चार्जिंग ७२ च्या आसपास. तिथं दोन दिव्यांची जुनी पद्धत अजून उत्तम चालते: एक दिवा पॉझिटिव्ह ते बॉडी, दुसरा निगेटिव्ह ते बॉडी. दोन्ही सारखे मंद असतील तर ठीक. एक विझला आणि दुसरा झगझगीत झाला, तर विझलेल्या बाजूला अर्थ आहे. मग एकेक ब्रेकर पाडत जा. ज्याला दिवे पुन्हा सारखे होतील ती शाखा.

आणि डब्ल्यूडीजी-४ सारख्या इन्व्हर्टरच्या, थ्री-फेज मोटारींच्या लोकोवर यातलं काहीही डोळे झाकून करू नका. तिथं कॉम्प्युटर स्वतः फॉल्ट नोंदवून ठेवतो. आधी ते वाचा. डीसी लिंकचे कपॅसिटर इंजिन बंद केल्यावरही भरलेले असतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबून, व्होल्टेज मोजून खात्री केल्याशिवाय पॅनेल उघडायचं नाही.

भाच्याची वही आता दुसरी चालू आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी सहाला, थंड इंजिनावर, सहा मोटारींचे सहा आकडे तो मला पाठवतो. पाच मोटारींचे आकडे जिथल्या तिथं आहेत. तिसरीचा मात्र चाळीसवरून एकतीस आणि आता बावीसवर आलाय. रिले अजून एकदाही पडलेला नाही, म्हणून तिकडं कुणाला घाई नाही. ती मोटार मे महिन्याच्या आत खाली उतरवायला मी सांगून ठेवलंय.